नोरा मार्क्स डॉएनहाउर

नोरा मार्क्स डॉएनहाउर (८ मे, १९२७ – २५ सप्टेंबर, २०१७) या अमेरिकेच्या अलास्का राज्यातील ट्लिंगिट समाजातील कवयित्री, भाषांतरकार व अभ्यासक होत्या. ट्लिंगिट वृद्धांनी सांगितलेल्या कथा आणि समारंभांत केलेली भाषणे त्यांनी ध्वनिफितींवरून मूळ भाषेत लिहून काढली, त्यांची इंग्रजी भाषांतरे केली आणि पती रिचर्ड डॉएनहाउर यांच्यासह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

बालपण व शिक्षण

नोरा यांचा जन्म जूनो येथे झाला. वडील विली मार्क्स कोरीवकाम करणारे कारागीर व मच्छीमार होते, तर आई एमा मार्क्स मणीकामासाठी प्रसिद्ध होत्या. कुटुंबाचा बराच काळ मासेमारीच्या होडीवर आणि किनाऱ्यावरील हंगामी तळांवर जाई. घरात केवळ ट्लिंगिट बोलली जात असे. वयाच्या आठव्या वर्षी शाळेत गेल्यावर नोरा यांचा इंग्रजीशी प्रथम संबंध आला. त्या काळी अलास्कातील शाळांमध्ये मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. त्यामुळे पुढच्या पिढ्यांतील अनेक आईवडिलांनी मुलांशी ट्लिंगिट बोलणेच सोडून दिले. नोरा यांची भाषा टिकली, ती घरामुळे.

त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण उशिरा, संसार व मुले सांभाळून झाले. अलास्का मेथडिस्ट विद्यापीठातून मानववंशशास्त्राची पदवी त्यांनी १९७६ मध्ये घेतली, तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या. त्याच विद्यापीठात शिकवण्यासाठी १९६९ मध्ये आलेले रिचर्ड डॉएनहाउर हे न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूसचे. ते स्वतः कवी होते आणि रशियन, जर्मन या भाषांचे जाणकार होते. १९७३ मध्ये दोघांचा विवाह झाला.

मौखिक साहित्याचे संकलन

ट्लिंगिट समाज डोमकावळा आणि गरुड अशा दोन शाखांत विभागलेला असून कूळ आईकडून येते. नोरा आईकडून डोमकावळा शाखेच्या, तर वडील गरुड शाखेचे. या समाजात कथा, गाणे, व्यक्तिनाव, बोधचिन्ह, समारंभातील टोपी किंवा शाल हे सारे विशिष्ट कुळाच्या मालकीचे असते. त्याला अटऊव म्हणतात. दुसऱ्या कुळाची कथा परवानगीवाचून सांगणे हा अपराध समजला जातो. म्हणून संकलनाचे काम केवळ भाषेचे नव्हते. कथा सांगणारा कोण, त्याचे कूळ कोणते, ती कथा सांगण्याचा त्याला कोणता अधिकार आहे, हे कथेइतकेच महत्त्वाचे होते. नोरा व रिचर्ड यांच्या ग्रंथांत प्रत्येक कथेवर कथनकाराचे नाव आहे आणि त्याचे चरित्रही दिलेले आहे. पूर्वीच्या अनेक मानववंशशास्त्रीय संग्रहांत सांगणारा जवळजवळ अदृश्य राहत असे. त्या तुलनेत हा मोठाच फरक होता.

दुसरा प्रश्न कागदावरच्या मांडणीचा होता. बोललेली कथा सलग परिच्छेदात छापली की तिचा ताल हरवतो. म्हणून वक्ता जिथे थांबला तिथे ओळ तोडण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. एका पानावर ट्लिंगिट आणि समोरच्या पानावर इंग्रजी, अशी रचना असल्याने वाचकाला ओळीला ओळ ताडून पाहता येते. ट्लिंगिटमध्ये इंग्रजीत नसलेले अनेक ध्वनी आहेत आणि तिची व्यवहार्य लेखनपद्धती १९६० च्या दशकात कॉन्स्टन्स नेश व जिलियन स्टोरी यांनी तयार केली होती. फीत पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकण्याचे हे काम जन्मजात भाषिकाशिवाय होणे कठीण होते आणि तो भार मुख्यतः नोरा यांनी उचलला. पुढे १९८३ ते १९९७ या काळात दोघेही सीअलास्का हेरिटेज फाउंडेशनमध्ये कार्यरत होते.

या मालिकेतील ‘हा शुका’ (आमचे पूर्वज) हा पहिला ग्रंथ १९८७ मध्ये निघाला. त्यात हिमनदी पुढे सरकल्यामुळे ग्लेशियर बे सोडावे लागलेल्या हूना लोकांची कथा दोन स्त्रियांनी सांगितलेल्या वेगवेगळ्या रूपांत आहे. दुसरा ग्रंथ ‘हा तुवुनागु यीस’ (आमच्या मनाला उभारी यावी म्हणून, १९९०) भाषणांचा असून सर्वांत गाजला. नोरा यांचे चुलते जिम मार्क्स यांच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये हूना येथे झालेल्या समारंभातील भाषणे त्याच्या केंद्रस्थानी आहेत. यजमान गरुड शाखेचे असल्याने त्यांचे दुःख हलके करणे हे पाहुण्या डोमकावळा शाखेचे कर्तव्य होते. जेसी डाल्टन यांनी आपल्या भाषणात पूर्वजांच्या शाली व टोप्या एकेक करून पुढे आणून हे सांत्वन केले. बाहेरच्या वाचकाला ती वस्तूंची यादी वाटू शकते, परंतु प्रत्येक वस्तूबरोबर एक मृत नातेवाईक सभेत हजर होतो, हे टिपांमुळे कळते. या ग्रंथाला १९९१ चा अमेरिकन बुक पुरस्कार मिळाला.

‘हा कुस्तीयी’ (१९९४) मध्ये ट्लिंगिट स्त्रीपुरुषांची चरित्रे आहेत. सिटका येथील १८०२ व १८०४ च्या लढायांवरील २००८ च्या ग्रंथात इतिहासकार लिडिया ब्लॅक यांच्या सहकार्याने रशियन कागदपत्रे आणि ट्लिंगिट मौखिक वृत्तान्त एकत्र आणले गेले. या ग्रंथालाही अमेरिकन बुक पुरस्कार मिळाला.

कविता

नोरा यांचा ‘द ड्रोनिंग शमन’ हा संग्रह १९८८ मध्ये, तर कविता व गद्याचे ‘लाइफ वोव्हन विथ साँग’ हे पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध झाले. नदीतला सॅमन मासा भाजण्याची कृती सांगणारी त्यांची कविता सर्वाधिक वाचली जाते. किनाऱ्यावरच्या लाकडांच्या आगीऐवजी शहरातल्या विजेच्या भट्टीत मासा शिजतो. विनोद करत करत कविता हरवलेल्या जागेची जाणीव देते. मौखिक ग्रंथांपेक्षा त्यांच्या कवितेकडे कमी लक्ष गेले, हे काहीसे अन्यायाचे आहे.

रिचर्ड हे अलास्काचे राजकवी होते. नोरा यांना २०१२ ते २०१४ साठी राज्याच्या लेखक-पदाचा मान मिळाला. रिचर्ड यांचे ऑगस्ट २०१४ मध्ये निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी नोरा यांचे निधन झाले. ज्या वृद्धांचे आवाज त्यांनी कागदावर उतरवले, त्यांतील बहुतेक जण त्यापूर्वीच गेले होते.