मैल्यातून उजेड : अप्पासाहेब पटवर्धन

हायड्रोजन, फ्युएल सेल म्हटलं की आपल्याला परदेशातली लॅब आठवते. पण मित्रांनो, जंतूंकडून इंधन करून घेण्याच्या वाटेवर कोकणातला एक माणूस फार आधी चालून गेला.

सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास सफाईचं काम मागून घ्यायचं ठरवलं. नकार मिळताच त्यांनी अन्न कमी केलं. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला!

१९४८ मध्ये कणकवलीला त्यांचा गोपुरी आश्रम उभा राहिला. माणसाने मैला वाहणं थांबायचं तर संडासच बदलला पाहिजे, हे अप्पांनी ओळखलं. संडासाला जोडलेलं त्यांचं गॅस संयंत्र 'मलप्रभा' नावाने ओळखलं गेलं. १९७१ मध्ये अप्पा गेले. पुढे देहूच्या डॉ. मापुसकरांनी ते सुधारलं.

हवाबंद टाकीत काही जंतू मैला कुजवून आम्ल आणि हायड्रोजन तयार करतात. दुसरे जंतू तो हायड्रोजन लगेच वापरून मिथेन करतात. या दुसऱ्यांना उष्णतेने किंवा आम्लता वाढवून आवरलं, तर हायड्रोजन हाती लागतो. तो शुद्ध केला की फ्युएल सेलला चालतो.

नांदेड-लातूरकडे साखर कारखान्यांची मळी आहे, होस्टेलचं खरकटं आहे. प्रोजेक्ट करताना व्होल्ट जरूर मोजा. पण टाकी साफ करायला कोणाला उतरावं लागेल, हेही डिझाइनमध्ये धरा. अप्पांनी सुरुवात तिथूनच केली होती.