हायरम बिंगहॅम

हायरम बिंगहॅम तिसरे (जन्म : होनोलुलू, १९ नोव्हेंबर १८७५, मृत्यू : वॉशिंग्टन, ६ जून १९५६) हे अमेरिकन इतिहासाचे प्राध्यापक, संशोधक-प्रवासी, वैमानिक अधिकारी व राजकारणी होते. पेरू देशातील अँडीज पर्वतात असलेल्या माचू पिक्चू या इंका नगरीच्या अवशेषांकडे जगाचे लक्ष वेधणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. २४ जुलै १९११ रोजी ते या स्थळी पोहोचले. दुर्गम व उंच प्रदेशातील अनेक आठवड्यांच्या पायपिटीचे काटेकोर नियोजन हे त्यांच्या यशाचे मुख्य कारण होते. मात्र या स्थळाचा शोध लावल्याचे श्रेय त्यांना कितपत द्यावे, याविषयी मतभेद आहेत. तेथे सापडलेल्या वस्तूंच्या मालकीचा वाद तर त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ चालू होता.

बालपण व शिक्षण

बिंगहॅम यांचा जन्म हवाई बेटांवरील मिशनरी कुटुंबात झाला. हायरम हेच नाव असलेले त्यांचे आजोबा हवाईत गेलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट धर्मप्रसारकांपैकी एक होते. वडिलांनी गिल्बर्ट बेटांवर कार्य केले व तेथील भाषेत बायबलचे भाषांतर केले. होनोलुलूतील पुनाहू शाळेत प्रारंभीचे शिक्षण घेतल्यावर हायरम अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. येल विद्यापीठातून ते १८९८ मध्ये पदवीधर झाले. पुढे त्यांनी बर्कली येथे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९०५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. लॅटिन अमेरिकेचा इतिहास हा त्यांचा विषय होता. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत या विषयाकडे फारच थोड्यांचे लक्ष होते.

१९०० मध्ये त्यांचा विवाह आल्फ्रेडा मिचेल यांच्याशी झाला. त्या जवाहिऱ्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या टिफनी घराण्यातील होत्या. या दांपत्याला सात मुलगे झाले. पत्नीच्या संपत्तीमुळे बिंगहॅम यांना केवळ प्राध्यापकाच्या वेतनावर अवलंबून राहावे लागले नाही. १९०७ मध्ये येल विद्यापीठात त्यांची दक्षिण अमेरिकेच्या इतिहासाचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली.

पहिले प्रवास

ग्रंथालयात वाचलेला इतिहास प्रत्यक्ष भूमीवर पडताळून पाहावा, अशी बिंगहॅम यांची धारणा होती. १९०६-०७ मध्ये त्यांनी सिमोन बोलिव्हार यांच्या सैन्याच्या मार्गाने व्हेनेझुएला व कोलंबिया हे देश ओलांडले. १९०८ च्या अखेरीस ते चिलीची राजधानी सांतियागो येथे भरलेल्या वैज्ञानिक परिषदेला प्रतिनिधी म्हणून गेले. परिषदेनंतर ते पेरूत आले.

फेब्रुवारी १९०९ मध्ये आपुरिमाक प्रांताच्या प्रशासकांनी त्यांना चोकेकिराव हे इंका अवशेष पाहण्याचा आग्रह केला. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवरील हे स्थळ आपुरिमाक नदीच्या खोल दरीच्या वर, एका डोंगरसोंडेवर आहे. पावसाळा ऐन भरात होता. वाट निसरडी होती आणि नदीवर नुकताच बांधलेला पूल डोलणारा होता. बिंगहॅम यांना पुरातत्त्वाचे शिक्षण नव्हते. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रवाशांसाठी काढलेले एक मार्गदर्शक पुस्तक त्यांच्याजवळ होते. त्यातील सूचनांप्रमाणे त्यांनी अवशेषांची मापे व छायाचित्रे घेतली.

या प्रवासाने पुढील मोहिमेचा पाया घातला. पावसाळ्यात अशा प्रदेशात जाणे किती कठीण असते, याचा त्यांना अनुभव आला. चोकेकिराव हीच इंकांची शेवटची राजधानी होती, हे स्थानिक मत त्यांना पटले नाही. ती राजधानी शोधून काढावी, ही इच्छा येथून बळावली.

१९११ च्या मोहिमेची तयारी

स्पॅनिश आक्रमकांविरुद्ध १५३६ मध्ये बंड करणारा मांको इंका पराभवानंतर विल्काबांबाच्या डोंगराळ मुलखात गेला. तेथील इंका राज्य १५७२ पर्यंत टिकले. त्या राज्यातील नगरांची नेमकी जागा पुढे विस्मृतीत गेली. लिमा येथील इतिहासकार कार्लोस रोमेरो यांनी बिंगहॅम यांचे लक्ष सतराव्या शतकातील कालांचा या धर्मगुरूच्या बखरीकडे वेधले. व्हिटकोस या नगराजवळ झऱ्यावर झुकलेला एक मोठा पांढरा खडक असून तेथे सूर्यमंदिर होते, असा उल्लेख त्या बखरीत आहे. प्रत्यक्ष जागेवर पडताळता येईल अशी ही खूण होती.

निधीसाठी बिंगहॅम यांनी येलमधील जुन्या वर्गमित्रांकडे मदत मागितली. मोहिमेत एकूण सात जण होते. त्यांत भूगोलतज्ज्ञ आयझाया बोमन, निसर्गअभ्यासक हॅरी फूट, शल्यचिकित्सक विल्यम अर्व्हिंग, नकाशे काढणारे काय हेंड्रिक्सेन आणि गिर्यारोहणाचा अनुभव असलेले हर्मन टकर यांचा समावेश होता. इंकांची राजधानी शोधणे, ७३ व्या रेखावृत्तालगतच्या प्रदेशाचे सर्वेक्षण करणे आणि कोरोपुना शिखराची उंची मोजणे, अशी उद्दिष्टे ठरली.

सामानाचा विचार खेचराच्या पाठीवरून केला गेला. ओझे दोन्ही बाजूंना समतोल राहावे म्हणून सारख्या वजनाच्या पेट्या करण्यात आल्या. दोन माणसांना सुमारे आठवडाभर पुरेल असा विविध प्रकारचा शिधा एकेका पेटीत भरला होता. त्यामुळे तुकडी कोठेही विभागली, तरी प्रत्येक गटाला पेट्या मोजून अन्नाचा हिशोब करता येई. तंबू, औषधे, वायुभारमापक, सर्वेक्षणाची साधने आणि कॅमेरे असा सरंजाम सोबत होता. पेरूचे राष्ट्राध्यक्ष आउगुस्तो लेगिया यांनी मोहिमेला साहाय्य केले व सोबतीला सैनिक दिले.

काळाची निवडही महत्त्वाची होती. या भागात साधारणतः मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो. त्यानुसार जूनमध्ये न्यूयॉर्क सोडून बिंगहॅम जुलैच्या प्रारंभी सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील कुस्को नगरात पोहोचले. कुस्को विद्यापीठाचे अमेरिकन कुलगुरू आल्बर्ट गीसेके यांनी त्यांना उरुबांबा नदीच्या खोऱ्यातील अवशेषांविषयी माहिती दिली. या खोऱ्यातून नदीकाठाने खेचरांची नवी वाट काही वर्षांपूर्वीच खोदण्यात आली होती. पूर्वीचे बहुतेक प्रवासी डोंगरापलीकडच्या वाटेने जात. त्यामुळे माचू पिक्चू त्यांच्या मार्गात येतच नसे.

माचू पिक्चू

२३ जुलै १९११ रोजी मोहिमेने नदीकाठी मांदोर पांपा येथे मुक्काम केला. तेथील शेतकरी मेल्चोर आर्तेआगा यांनी समोरच्या डोंगरावर अवशेष असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिमझिम पाऊस होता. सहकाऱ्यांपैकी कोणी येण्यास उत्सुक नव्हते. नेहमीच्या मजुरीपेक्षा अधिक, म्हणजे एक सोल इतका मोबदला कबूल केल्यावर आर्तेआगा वाट दाखवण्यास तयार झाले. त्यांच्यासह बिंगहॅम व सार्जंट कारास्को निघाले. वेलींनी बांधलेल्या ओंडक्यांच्या पुलावरून बिंगहॅम यांनी हातापायांवर रांगत नदी पार केली. त्यानंतर दाट झाडीतून उभा चढ होता.

वर रिचार्ते व आल्वारेस ही शेतकरी कुटुंबे राहत होती. इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचा काही भाग साफ करून ती त्यांत पिके घेत. त्यांच्यापैकी एका लहान मुलाने बिंगहॅम यांना अवशेषांपर्यंत नेले. वेली व शेवाळ यांनी झाकलेल्या, चुन्याशिवाय सांधलेल्या घडीव दगडी भिंती तेथे उभ्या होत्या. बिंगहॅम यांनी काही तासांत छायाचित्रे घेतली, कच्चा आराखडा काढला आणि ते खाली उतरले. शोध शेवटच्या राजधानीचा असल्यामुळे ते लवकरच पुढे निघाले. अवशेषांचा नकाशा करण्यासाठी त्यांनी नंतर टकर व पॉल लॅनिअस यांना पाठवले.

ऑगस्टमध्ये रोसासपाता येथील अवशेष आणि त्याजवळचा झऱ्यावरील पांढरा खडक सापडल्याने व्हिटकोसची ओळख पटली. बखरीतील खूण खरी ठरली. त्यापुढे उष्ण जंगलातील एस्पिरितू पांपापर्यंतही ते पोहोचले. मात्र वनस्पतींनी झाकलेल्या त्या नगराचा विस्तार त्यांच्या लक्षात आला नाही.

कोरोपुनाची चढाई

ऑक्टोबर १९११ मध्ये बिंगहॅम कोरोपुना या हिमाच्छादित ज्वालामुखीकडे वळले. हे दक्षिण अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर असावे, अशी काहींची समजूत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन गिर्यारोहक ॲनी पेक यांनी त्याच्या एका शिखरावर चढाई केली होती. बिंगहॅम यांच्या तुकडीने टप्प्याटप्प्याने छावण्या लावल्या. हिमरेषेपलीकडे खेचरांचा उपयोग नव्हता, त्यामुळे ओझी स्वतः वाहावी लागली. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. अँडीजमध्ये सोरोचे या नावाने ओळखला जाणारा विरळ हवेचा आजार, म्हणजे डोकेदुखी, मळमळ आणि धाप, सर्वांनाच जाणवला. शिखरावर वायुभारमापकांनी उंची सुमारे २१,७०० फूट भरली. म्हणजेच कोरोपुना आकोंकाग्वापेक्षा ठेंगणे ठरले. आधुनिक मोजणीनुसार त्याची उंची याहूनही कमी, सुमारे ६,४०० मीटर आहे.

पुढील मोहिमा व वाद

१९१२ मध्ये येल विद्यापीठ व नॅशनल जिओग्राफिक सोसायटी यांच्या संयुक्त मोहिमेने माचू पिक्चू येथील झाडी तोडली, उत्खनन केले आणि अनेक दफनस्थाने उघडली. त्यांपैकी बरीच स्थानिक शेतकऱ्यांनी बक्षिसाच्या बोलीवर दाखवली होती. एप्रिल १९१३ मध्ये सोसायटीच्या मासिकाचा संपूर्ण अंक या विषयाला वाहिलेला होता. त्यातील छायाचित्रांमुळे माचू पिक्चूचे नाव जगभर पोहोचले.

१९१४-१५ च्या मोहिमेत बिंगहॅम यांनी माचू पिक्चूकडे जाणाऱ्या प्राचीन दगडी वाटेचे काही भाग व त्यावरील रुंकुराकाय हे स्थळ शोधले. परंतु याच काळात मोहिमेतील लोक मौल्यवान वस्तू चोरून देशाबाहेर नेत असल्याचा आरोप कुस्कोमधील विद्वानांनी केला. चौकशी झाली आणि १९१५ मध्ये बिंगहॅम पेरू सोडून गेले. त्यानंतर त्यांनी उत्खनन केले नाही.

राजकीय व लष्करी कारकीर्द

पहिल्या महायुद्धात बिंगहॅम वैमानिक झाले आणि फ्रान्समधील इसूदाँ येथील मोठ्या विमानचालन प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख होते. १९२४ मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे कनेटिकटचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. रिक्त झालेल्या सिनेटच्या जागेवरही त्यांची निवड झाल्याने जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी केवळ एक दिवस गव्हर्नरपद भूषवले. उद्योजक संघटनेच्या पगारी प्रतिनिधीला आयात शुल्कविषयक गुप्त बैठकांत सहभागी करून घेतल्याबद्दल ४ नोव्हेंबर १९२९ रोजी सिनेटने ५४ विरुद्ध २२ मतांनी त्यांच्या निषेधाचा ठराव केला. १९३२ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. १९३७ मध्ये आल्फ्रेडा यांच्याशी घटस्फोट झाल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला. १९५१ ते १९५३ या काळात ते सरकारी कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रनिष्ठेची तपासणी करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते. या मंडळाच्या निर्णयामुळे पदच्युत झालेले राजनैतिक अधिकारी जॉन सर्व्हिस यांच्या बाजूने पुढे सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला.

लेखन

‘इंका लँड’ (१९२२), ‘माचू पिक्चू, अ सिटाडेल ऑफ द इंकाज’ (१९३०) आणि ‘लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज’ (१९४८) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. १९४८ मध्ये नदीकाठापासून माचू पिक्चूपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्या प्रसंगी ते पेरूत उपस्थित होते.

मूल्यमापन

बिंगहॅम यांच्या आधी माचू पिक्चू पूर्णपणे अज्ञात नव्हते. फ्रेंच प्रवासी शार्ल व्हिएनर यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या नावाचा उल्लेख केला होता. कुस्को भागातील शेतकरी आगुस्तीन लिसारागा यांचे नाव व १९०२ हे वर्ष तेथील भिंतीवर कोळशाने लिहिलेले बिंगहॅम यांनी स्वतः पाहिले आणि आपल्या रोजनिशीत त्यांना शोधकर्ते म्हटले. पुढील लेखनात हे श्रेय फिके होत गेले. लिसारागा १९१२ मध्ये उरुबांबा नदीत बुडून मरण पावले, त्यामुळे आपली बाजू मांडण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

बिंगहॅम यांचे प्रमुख निष्कर्षही टिकले नाहीत. माचू पिक्चू हेच विल्काबांबा होय, असे ते अखेरपर्यंत मानत. परंतु १९६४ मधील जीन सॅव्हॉय यांच्या शोधकार्यानंतर शेवटची राजधानी एस्पिरितू पांपा येथे असल्याचे मान्य झाले. म्हणजेच ज्या स्थळाच्या शोधात ते निघाले होते, तेथे १९११ मध्येच त्यांचे पाय लागले होते. माचू पिक्चू हे पंधराव्या शतकातील सम्राट पाचाकुती याचे शाही निवासस्थान असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील सांगाडे प्रामुख्याने स्त्रियांचे असल्याचे मोहिमेतील तज्ज्ञाचे मतही नंतरच्या तपासणीत चुकीचे ठरले.

असे असले तरी मोजमाप, नकाशे व हजारो छायाचित्रे यांच्या रूपाने त्यांनी केलेली नोंद आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

वस्तूंची परतफेड

येल विद्यापीठाकडे राहिलेल्या वस्तूंसाठी पेरूने २००८ मध्ये अमेरिकन न्यायालयात दावा दाखल केला. २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११-१२ मध्ये वस्तू परत आल्या. त्या आता कुस्को येथील कासा कोंचा संग्रहालयात आहेत.

सद्यस्थिती

सुमारे २,४३० मीटर उंचीवरील माचू पिक्चूला १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे जाणारी प्रसिद्ध इंका वाट साधारणतः चार दिवसांत पायी पूर्ण केली जाते. तिच्यावरील सर्वांत उंच खिंड सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. हमालांसह रोज जास्तीत जास्त ५०० जणांना या वाटेवर परवाना मिळतो. पावसाचा जोर असलेल्या फेब्रुवारीत, म्हणजे ज्या महिन्यात बिंगहॅम चोकेकिराव येथे गेले होते त्याच महिन्यात, ही वाट दुरुस्तीसाठी बंद ठेवली जाते.