न थांबणारी लेखणी

खिशाला अडकवलेले पेन काढावे, टोपण उघडावे, चार ओळी लिहाव्यात आणि पेन पुन्हा जागच्या जागी ठेवावे, ही आज अगदी साधी गोष्ट आहे. पत्ता असो, हिशेब असो की अर्ज असो, माणूस उभ्या-उभ्या लिहू शकतो. दोनशे वर्षांपूर्वी असे नव्हते. लिहायचे म्हणजे टाक आणि दौत दोन्ही जवळ हवीत. पक्ष्याच्या पिसाचा टाक शाईत बुडवायचा, काही शब्द लिहायचे आणि पुन्हा बुडवायचा. ही अडचण दूर करण्यासाठी ज्यांनी प्रयत्न केले, त्यांत रुमानियाचे पेट्राके पोएनारू यांचे नाव आदराने घेतले जाते.

पोएनारू यांचा जन्म 1799 साली वालाकिया प्रांतातील बेनेश्ती या गावी झाला. त्या काळी हा प्रांत तुर्की साम्राज्याच्या अधिसत्तेखाली होता. उच्च शिक्षण ग्रीक भाषेतून मिळत असे. सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला तर कोणत्याच भाषेतून मिळत नसे. 1821 मध्ये तुदोर व्लादिमिरेस्कू यांच्या नेतृत्वाखाली तेथे उठाव झाला. तरुण पोएनारू त्यांचे लेखनिक झाले. पुढे त्यांना राजनैतिक कामासाठी बाहेर पाठवण्यात आले. त्याच सुमारास व्लादिमिरेस्कू यांची हत्या झाली आणि उठाव मोडला. दूर असल्यामुळे पोएनारू वाचले.

त्यानंतर शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांनी आधी व्हिएन्ना येथे आणि मग पॅरिस येथे शिक्षण घेतले. गणित, मोजणी, यंत्रविद्या असे अनेक विषय एकाच वेळी शिकायचे होते. व्याख्याने ऐकता-ऐकता टिपणे लिहायची होती. टाक दौतीत बुडवेपर्यंत व्याख्यात्याचे वाक्य पुढे निघून जाई. या गरजेतूनच त्यांना नव्या लेखणीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हंसाच्या मोठ्या पिसाच्या पोकळ नळीत शाई भरून ती आपोआप टोकाशी उतरावी, अशी त्यांची योजना होती. 25 मे 1827 रोजी फ्रेंच सरकारने त्यांना या लेखणीचे पेटंट दिले. जवळ बाळगता येणारी, स्वतःच स्वतःला शाई पुरवणारी आणि न संपणारी लेखणी, असे तिचे वर्णन त्यात होते.

अशा लेखणीचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. खरी अडचण शाईच्या प्रवाहाची होती. नळीतून शाई बाहेर पडते, तेवढीच हवा आत जावी लागते. हवा कमी गेली तर शाई अडते. जास्त गेली तर कागदावर डाग पडतो. हा मेळ अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांच्या 1884 च्या पेटंटमध्ये चांगला साधला आणि त्यानंतर फाउंटन पेन लोकांच्या खिशात पोहोचले. पोएनारूंची लेखणी बाजारात रुळली नाही.

पण त्यांचे जीवनकार्य येथे संपले नाही. 1831 मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी नुकतीच सुरू झालेली आगगाडी पाहिली व तिने प्रवास केला. 1832 मध्ये ते मायदेशी परतले आणि शिक्षणकार्याला लागले. बुखारेस्टच्या सेंट साव्हा महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले. भूमिती व बीजगणिताची पुस्तके त्यांनी रुमानियन भाषेत आणली. 1838 पासून खेड्यापाड्यांत शाळा उघडण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता.

या खेड्यांतील शाळांत कागद आणि शाई कोठून आणणार? तेथे वरच्या वर्गातील मुले खालच्यांना शिकवत आणि लहान मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवत. ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्याकडे धूळपाटीवर मुले अशीच अक्षरे काढत. अँड्र्यू बेल यांनी 18 व्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये वाळूत लिहिणारी मुले पाहिली आणि तेथून ही पद्धत युरोपात पोहोचली. ज्यांनी न संपणारी लेखणी रचली, त्यांनीच बोटाला लेखणी मानून लाखमोलाचे पहिले अक्षर शिकवण्यात कमीपणा मानला नाही.

1848 च्या क्रांतीत वालाकियातील रोमा गुलामांना मुक्त करण्यासाठी तीन सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. पोएनारू त्यांपैकी एक होते. या आयोगाने गुलामांना मुक्ततेचे दाखले लिहून दिले. परंतु काही महिन्यांतच परकीय फौजांनी क्रांती दडपली. दाखले निष्फळ ठरले, माणसे पुन्हा मालकांकडे गेली आणि खेड्यांतील शाळाही बंद पडल्या. आयुष्यभराचे काम पुसले जाताना पाहणे किती कठीण असेल!

तरीही जे लिहिले गेले होते, ते कायमचे पुसले गेले नाही. 1856 मध्ये वालाकियात गुलामगिरी कायद्याने संपली. 1864 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणारा कायदा झाला. 1870 मध्ये पोएनारू रुमानियन अकादमीचे सदस्य झाले आणि 1875 मध्ये त्यांचे निधन झाले.

खिशातल्या पेनमुळे लेखन सोपे झाले हे खरे. परंतु ते पेन हाती धरण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळावा, यासाठी पोएनारू अधिक काळ झटले. वाळूत अक्षर गिरवणारे बोट आणि कागदावर धावणारे पेन या दोहोंची किंमत त्यांच्या लेखी सारखीच होती.