स्फोटकांना शिस्त लावणारे आल्फ्रेड नोबेल

चिरनेरचा जंगल सत्याग्रह १९३० सालचा. त्याच साली सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही दोन्ही उत्तरे शाळेत आपण पाठ केली. पण ज्यांच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते, त्यांचे आयुष्य मात्र स्फोटक तापले की काय होते, या प्रश्नाशी झगडण्यात गेले.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. नवव्या वर्षी ते कुटुंबासह रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे घरीच शिक्षकांकडून रसायनशास्त्र आणि अनेक भाषा शिकले. इटलीच्या सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये तयार केलेले नायट्रोग्लिसरीन त्यांच्या अभ्यासाचा विषय बनले.

हा तेलासारखा द्रव मोठा लहरी. लाकडाला जळायला बाहेरची हवा लागते. याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. तापल्यावर रेणू तुटतात, नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात आणि तीच पुढचे विघटन वाढवतात. विघटनातून पुन्हा उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठू लागली, की मग कोणाच्या हाती काही राहत नाही. उघड्यावरचा थोडा द्रव नुसता जळूनही जातो. बंदिस्त जागेत किंवा धक्का बसल्यावर त्याचाच स्फोट होतो.

३ सप्टेंबर १८६४ रोजी हेलेनेबोर्ग येथील त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. मृतांत त्यांचा धाकटा भाऊ एमिल होता. शहरात हे काम करण्यास बंदी आली, तेव्हा नोबेल यांनी सरोवरातल्या तराफ्यावर प्रयोग चालू ठेवले. अखेर किसेलगुर या सच्छिद्र मातीत द्रव मुरवला, की तो हाताळण्याजोगा होतो, हे त्यांना दिसले. १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट मिळाले. तो फोडण्यासाठी वेगळी टोपी लागते, हेही त्यांचेच काम. बोगदे, रस्ते, खाणी यांचा वेग त्यामुळे वाढला. युद्धांनाही ही विद्या मिळाली.

पुढे हृदयविकारासाठी डॉक्टरांनी त्यांना औषध सुचवले, तेही नायट्रोग्लिसरीनच! १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. आदल्या वर्षीच्या मृत्युपत्राने बहुतेक संपत्ती पारितोषिकांसाठी ठेवली होती. १९०१ पासून ती दिली जाऊ लागली.

स्फोटक सुरक्षित झाले, तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. तापत गेलेल्या साठ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. ६६ अग्निशामक जवान आणि शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

आपल्या पनवेल-उरण पट्ट्यात दगडखाणी आहेत, बंदर आहे, कारखाने आहेत. आपली मुले तिथे कामाला जातात. त्यांना एवढे जरूर सांगावे: स्फोटकाजवळ कापूस, तेल, गवत ठेवू नये, आग स्फोटकापर्यंत पोचली, तर ती विझवत न बसता सर्वांना घेऊन दूर जावे. नोबेल यांना हे भाऊ गमावून कळले. आपल्या मुलांना ते आपल्याकडून कळावे.