स्वान्ते अऱ्हेनियस

स्वान्ते अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ झाला. वडील भूमापक होते. मुलाला बालपणापासूनच आकडेमोडीची विलक्षण गोडी होती.

१८८४ साली त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रबंध सादर केला. मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, सुटे होतात, या सिद्धांताचे बीज त्यात होते. परीक्षकांना ते पटले नाही. प्रबंध जेमतेम उत्तीर्ण ठरला. मात्र ओस्टवाल्ड या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने त्याचे मोल ओळखले. पुढे याच सिद्धांतासाठी १९०३ साली अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल, ही व्याख्याही त्यांचीच.

दरम्यान त्यांनी आणखी एका प्रश्नात लक्ष घातले होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पृथ्वी किती तापेल? यंत्राच्या मदतीशिवाय सुमारे वर्षभर हजारो गणिते करून १८९६ साली त्यांनी उत्तर दिले. हा वायू दुप्पट झाल्यास तापमान पाच ते सहा अंश सेल्सिअसने वाढेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजचा अंदाज याहून कमी, सुमारे तीन अंशांचा आहे. परंतु दिशा अचूक होती.

वेगाचा अंदाज मात्र चुकला. त्या काळी कोळशाचा वापर मर्यादित असल्याने असा बदल घडायला हजारो वर्षे लागतील, असे त्यांना प्रथम वाटले. थंड देशांना उबदार हवा सुखावह होईल, अशीही त्यांची समजूत होती. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच हवेतील या वायूचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दीडपट झाले. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल बनते आणि हायड्रोजन आयन वाढतात. समुद्राचे पाणी आजही अल्कधर्मीच आहे. पण पृष्ठभागावरील पाण्यात हे आयन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आहेत. त्यामुळे प्रवाळांना आणि शिंपल्यांना आपली कवचे घडवणे कठीण होत आहे. यालाच सागरी आम्लीकरण म्हणतात.

तापणारी हवा आणि बदलणारा समुद्र यांचा अभ्यास आज जगभर एकत्रितपणे होतो. या दोन्ही अभ्यासांच्या पायाशी एकाच संशोधकाचे परिश्रम आहेत. त्याने बांधलेला काळाचा अंदाज माणसानेच खोटा ठरवला.