रहीमसाहेब

मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. इंडिया गेटजवळचे हे मैदान दिल्लीकर मराठी मंडळींच्या नित्य परिचयाचे आहे. तेथे भारताने फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इराणला १-० असे नमवले. गोल साहू मेवालाल यांचा होता आणि कर्णधार होते शैलेन मन्ना. या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम मात्र पेशाने शाळामास्तर होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. आजचा मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते उत्तम फुटबॉल खेळत. पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकी पत्करली. काचीगुड्याच्या शाळेपासून चंचलगुड्याच्या हायस्कुलापर्यंत त्यांनी मुलांना शिकवले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या खेळांची जबाबदारी उचलली. हॉलंडचा विख्यात संघ घडवणारे रिनस मिशेल्स हेही आधी खेळाडू, मग व्यायामशिक्षक आणि नंतर प्रशिक्षक झाले. दोघांची वाट सारखी असली तरी रहीम त्या वाटेवर कितीतरी आधी चालले होते.

त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला आणि मुंबईच्या कूपरेजवर भरणारा रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. या यशाचे मूळ त्यांच्या शिकवण्यात होते. आपल्याकडचा हुशार खेळाडू चेंडू पायाशी खेळवत बसतो, हा दोष त्यांनी हेरला होता. म्हणून त्यांनी असे सामने भरवले, की ज्यांत चेंडू घोळवत नेण्यास मनाईच होती. आला की साथीदाराकडे द्यायचा. काही सामन्यांत दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा असा नियम असे. कच्च्या विषयाचा अभ्यास अधिक करून घेणारा मास्तर यात सहज ओळखू येतो. सिकंदराबादच्या गरीब घरातील तुळसीदास बलराम या तरुणाला सरावाला येणे परवडत नव्हते, तेव्हा सायकलच्या भाड्यासाठी रहीम त्याला रोज एक रुपया देत. हाच बलराम पुढे भारताच्या आघाडीच्या फळीचा आधार झाला.

दिल्लीच्या सुवर्णपदकाने हुरळून जावे, तोच १९५२ साली हेलसिंकीचा धडा मिळाला. थंडीत, कित्येक खेळाडू अनवाणी असताना, युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा फडशा पाडला. त्यानंतर खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. रहीम यांनी पराभवाला केवळ बुटांचे निमित्त दिले नाही. युरोपातील, विशेषतः हंगेरीची, खेळाची मांडणी त्यांनी बारकाईने अभ्यासली आणि भारतीय खेळाडूंच्या चपळाईला साजेल अशी बदलून घेतली.

त्याचे फळ मेलबर्नला दिसले. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि तेथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतील तीन गोल गोमंतकीय नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा हा पहिला आशियाई संघ. पदक हुकले, चौथे स्थान मिळाले. १९६० साली रोममध्ये याच शिकवणीच्या संघाने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले.

१९६२ साली जकार्ताला जाताना रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. स्पर्धेचे वातावरणही प्रतिकूल होते. इस्राएल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतल्याने तेथील जनमत भारतावर संतापलेले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला खोल जखम झाली आणि टाके घालावे लागले. या अवस्थेत त्यांना बचावात उभे करणे धोक्याचे. रहीम यांनी त्यांना आघाडीला नेले! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवताना जर्नेलसिंगांनी गोल केला.

४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया. प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत होते. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, दुसरा टाके घातलेल्या जर्नेलसिंगांनी केला आणि सामना २-१ असा संपला. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील त्या संघात फॉर्च्युनातो फ्रँको हेही गोमंतकीय होते.

जकार्ताहून परतल्यावर वर्षही पुरे झाले नाही. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, रहीम यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम रोमच्या संघात होते व पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. शिष्य पी. के. बॅनर्जी यांनी प्रशिक्षकाची वाट धरली आणि १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळवून देण्यात त्यांचा वाटा होता. त्यानंतर भारतीय पुरुष फुटबॉल संघाला या स्पर्धेत पदक मिळालेले नाही.