११ पानांचा एक पेपर, दुर्लक्ष करणारी कंपनी आणि डेटाबेसची दुनिया बदलणारा टेड कॉड

व्हॉट्सॲपवर वर्षभरापूर्वीचा मेसेज सर्च केला की तो दोन सेकंदात समोर येतो. कारण तुमच्या फोनमधलं ते सगळं चॅट एका छोट्या डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं. त्या डेटाबेसमध्ये असतात साधे तक्ते. आडव्या ओळी आणि उभे रकाने, बस्स.

बँकेचं खातं, हॉस्पिटलचा रेकॉर्ड, ऑनलाइन ऑर्डर, कॉलेजचा निकाल, बहुतेक ठिकाणी आत हेच तक्ते सापडतात. आज हे इतकं साहजिक वाटतं की कुणीतरी हे डोकं लावून शोधलं असेल असं मनातही येत नाही. पण ते शोधलं होतं एका माणसाने, आणि त्याची स्वतःचीच कंपनी ते ऐकायला तयार नव्हती.

या माणसाचं नाव एडगर फ्रँक कॉड. सगळे त्याला टेड म्हणायचे.

पायलट, सेल्समन आणि मग आयबीएम

कॉडचा जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शाळेत शिक्षिका आणि हा सात भावंडांत सगळ्यात धाकटा. ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात तो गणित आणि रसायनशास्त्र शिकला. मध्येच दुसरं महायुद्ध आलं. कॉड रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाला आणि समुद्रावर गस्त घालणारी विमानं उडवू लागला.

युद्ध संपलं, पदवी मिळाली आणि १९४८ मध्ये गडी थेट न्यूयॉर्कला पोहोचला. सुरुवातीला त्याने मेसीज या मोठ्या दुकानात पुरुषांचे कपडे विकायचं काम केलं. मग काही महिने टेनेसीच्या विद्यापीठात गणित शिकवलं. १९४९ मध्ये मात्र त्याला आयबीएममध्ये नोकरी लागली. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र आणि कॉडचं काम त्यासाठी प्रोग्राम लिहिणं.

पण तेव्हा अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी उच्छाद मांडला होता. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. कॉडला हे सहन झालं नाही. १९५३ मध्ये निषेध म्हणून त्याने देश सोडला आणि तो कॅनडातल्या ओटावाला गेला. १९५७ मध्ये परत येऊन पुन्हा आयबीएममध्ये रुजू झाला.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, हातात चांगली नोकरी असताना, हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. १९६५ मध्ये त्याने मिशिगन विद्यापीठातून पीएचडी मिळवली. त्यानंतर तो कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम लॅबमध्ये आला. त्याची खरी लढाई इथून सुरू झाली.

तेव्हा डेटा साठवायचे कसा?

त्या काळात आयबीएमचं हुकमी प्रॉडक्ट होतं आयएमएस. अपोलो मोहिमेच्या रॉकेटला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी ते तयार झालं होतं. त्यात डेटा झाडासारखा असायचा. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या.

कॉलेजचं उदाहरण घेऊ. खोड म्हणजे कॉलेज, फांद्या म्हणजे विभाग, त्याखाली विषय आणि विषयाखाली विद्यार्थी. या विषयाला कोण कोण बसलंय, असं विचारलं तर उत्तर लगेच मिळेल. पण हीच विद्यार्थिनी कोणकोणत्या विषयांना बसलीये, हे विचारलं की पंचाईत. प्रत्येक फांदीवर चढून, प्रत्येक यादी चाळून तिला शोधायचं. शिवाय ती पाच विषयांना असेल तर तिचा फोन नंबर पाच ठिकाणी. नंबर बदलला आणि चारच ठिकाणी दुरुस्त झाला, की खरा नंबर कोणता हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी होती. डेटा कुठे ठेवलाय आणि तिथपर्यंत जायची वाट कोणती, हे प्रत्येक प्रोग्राममध्ये लिहिलेलं असायचं. साठवण्याची पद्धत जरा बदलली की प्रोग्राम पुन्हा लिहायचे. मॅनेजरला साधा नवा रिपोर्ट हवा असला तरी प्रोग्रामरच्या मागे लागावं लागायचं.

११ पानांत मांडलेला उपाय

कॉड मुळात गणिती. त्याने या गोंधळाकडे गणिताच्या नजरेने पाहिलं. १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये एका नामांकित जर्नलमध्ये त्याने आपली कल्पना मांडली. पेपर होता अवघ्या ११ पानांचा.

कल्पना अशी की झाड तोडून टाका आणि सगळा डेटा सुट्या तक्त्यांत ठेवा. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, विषयांचा एक तक्ता आणि कोण कोणत्या विषयाला बसलंय याचा तिसरा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक वेगळा क्रमांक आणि त्याच क्रमांकाने तक्ते एकमेकांशी जोडायचे. फोन नंबर फक्त एकाच ठिकाणी. प्रश्न कुठल्याही बाजूने विचारा, उत्तर मिळणारच.

यातली खरी क्रांती मात्र पुढेच होती. काय हवंय तेवढं माणसाने सांगायचं, ते कसं शोधायचं हे मशीनने ठरवायचं. आत डिस्कवर डेटा कसाही हलवा, बाहेरचा प्रोग्राम बिघडता कामा नये. डीबीएमएसच्या पेपरला हमखास येणारा नॉर्मलायझेशनचा प्रश्नसुद्धा याच कॉडची देणगी.

कंपनीने काणाडोळा केला

कॉडची कल्पना चालली असती तर धोका कुणाला होता? तर आयबीएमच्याच आयएमएसला. कंपनीला त्यातून चांगला पैसा मिळत होता. त्यामुळे कॉडच्या पेपरचं काय करायचं हे आयबीएमला कळेना. त्यातच अनेक तज्ज्ञांचं म्हणणं होतं की गणित म्हणून हे छान आहे, पण प्रत्यक्षात फार हळू चालेल.

समोर प्रतिस्पर्धीही तगडा होता. चार्ल्स बाकमन. डेटाबेसमधल्या कामासाठी त्यांना १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. प्रोग्रामरने डेटाच्या जाळ्यातून स्वतः वाट काढत जावं, ही त्यांची भूमिका. १९७४ मध्ये ॲन आर्बरला भरलेल्या परिषदेत दोन्ही बाजूंची जाहीर जुगलबंदी झाली. त्या दिवशी निकाल लागला नाही, पण तरुण संशोधकांना कॉडच्या बाजूचा साधेपणा भावला.

कॉड गप्प बसणारा नव्हता. त्याने थेट आयबीएमच्या ग्राहकांना ही कल्पना समजावून सांगितली. ग्राहकच विचारायला लागल्यावर कंपनीला हलावं लागलं आणि सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू झाला. पण कॉडला त्याच्या केंद्रस्थानी ठेवलं नाही. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या प्रकल्पासाठी एक भाषा बनवली. तिचं पहिलं नाव सीक्वेल. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे पुढे ते एसक्यूएल झालं.

गंमत म्हणजे कॉडला ही भाषा कधीच पूर्ण पसंत पडली नाही. त्याच्या गणितानुसार एका तक्त्यात तंतोतंत सारख्या दोन ओळी असूच शकत नाहीत. एसक्यूएलमध्ये त्या चालतात. याबद्दल तो शेवटपर्यंत टीका करत राहिला.

सिस्टिम आरने एक शंका मात्र कायमची मिटवली. हे तक्ते वेगाने चालू शकतात. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी अशी पद्धत शोधली की उत्तरापर्यंत जाणाऱ्या अनेक वाटांपैकी कमी खर्चाची वाट मशीन स्वतःच निवडेल.

फायदा दुसऱ्यांनी उचलला

आयबीएमने आपलं संशोधन जाहीरपणे प्रसिद्ध केलं होतं. ते वाचून बर्कलीच्या विद्यापीठात मायकल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस नावाचा डेटाबेस बनवला. आज जगभर वापरला जाणारा पोस्टग्रेस त्याच घराण्यातला.

दुसरा वाचक होता लॅरी एलिसन. त्याने साथीदारांसोबत १९७७ मध्ये एक छोटी कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. आयबीएमचं असं पहिलं प्रॉडक्ट आलं १९८१ मध्ये आणि डीबी २ आलं १९८३ मध्ये. म्हणजे कल्पना आयबीएमच्या लॅबमध्ये जन्मली आणि दुकान आधी दुसऱ्याने उघडलं. एलिसन पुढे जगातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांमध्ये जाऊन बसला.

कॉडला मान मिळाला, पण उशिरा. १९७६ मध्ये तो आयबीएम फेलो झाला आणि १९८१ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये त्याने आयबीएम सोडली. तोपर्यंत बाजारात प्रत्येक जण आपल्या डेटाबेसवर रिलेशनल असा शिक्का मारून विकू लागला होता. १९८५ मध्ये कॉडने खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे १२ नियम प्रसिद्ध केले. मोजले तर ते १३ भरतात, कारण त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रोग्रामरच तो, दुसरं काय करणार!

१९९३ मध्ये तो वादातही सापडला. डेटाच्या विश्लेषणावर त्याने लिहिलेल्या एका पेपरला, त्याच प्रकारचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता. ज्याने आयुष्यभर विक्रेत्यांचे दावे तपासले, त्याच्यावर विक्रेत्याची बाजू घेतल्याचा आरोप झाला.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदयविकाराने कॉडचं निधन झालं. तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी डेटाबेस क्षेत्रातल्या एका मोठ्या पुरस्काराला त्याचं नाव देण्यात आलं.

त्यानंतर काही वर्षांनी नोएसक्यूएलची लाट आली. प्रचंड डेटा हजारो मशीनवर पसरवायचा तर तक्ते आणि एसक्यूएल कामाचे नाहीत, असं बोललं जाऊ लागलं. त्या डेटाबेसनी आपली जागा निर्माणही केली. पण गूगलने जगभर पसरलेल्या डेटासाठी स्पॅनर बनवला, तेव्हा पुढे त्यातही एसक्यूएल आणावंच लागलं. काय हवंय ते माणसाने सांगावं आणि कसं आणायचं ते मशीनने बघावं, हा कॉडचा हट्ट सोडून देणं अजून तरी कुणाला परवडलेलं नाही.